जुन्या इमारतींना सवलत दिली कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात थोरल्या बहिणीचा हयातीचा दाखला देण्यासाठी मी तिला पेठेतल्या एका बँकेच्या शाखेत घेऊन गेलो होतो. ताईला लहानपणी पोलिओ झाला आणि आता ती व्हीलचेअरवर असते. शाखेच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत. कडेला सिमेंटचा रॅम्प आहे, पण तो जेमतेम पाच फुटांचा, बिनकठड्याचा, आणि त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या. एक फूट चढायला बारा फूट लांबी, या मान्य प्रमाणाने दीड फुटाच्या जोत्याला अठरा फुटांचा रॅम्प लागतो. अखेर एक कर्मचारी कागद घेऊन पदपथावर आला. ताईने मांडीवरच्या पिशवीवर कागद धरून, वाहनांच्या गर्दीत सही केली. मी विचारले तेव्हा तो अदबीनेच म्हणाला, "काका, इमारत जुनी आहे, आम्हाला यातून सवलत आहे."

बांधकामाचे नकाशे तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. परंतु अशी सवलत कायद्यात आहे तरी कोठे?

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सार्वजनिक इमारतींतील सोयींची जबाबदारी "आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत" अशा शब्दांनी सैल केलेली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील इमारतींच्या कलमांत ते शब्द उरले नाहीत. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा ये-जा आणि वापर करता यावा यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने तर अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायला सांगितले. ते नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. मुदतवाढीची तरतूद आहे, पण ती केंद्र सरकारने एखाद्या राज्याला त्याची तयारी पाहून द्यायची आहे, कोणा घरमालकाने किंवा शाखाधिकाऱ्याने स्वतःच घ्यायची नाही. शिवाय 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत खासगी मालकीची पण लोकांच्या वापरातील इमारतही येते. दुकान, दवाखाना, शाळा, इतकेच काय, धार्मिक स्थळही येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात याच नियमांतील एक भाग कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात निकष केवळ मार्गदर्शक सूचनांसारखे होते. बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

सवलत कधीच असू नये, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग फोडून लिफ्ट बसवा, असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. परंतु तेवढ्यावरून अख्खा वाडा वगळता येत नाही. उंबऱ्यावर, दगडाला एकही खिळा न ठोकता, उचलून ठेवण्याजोगी लाकडी फळी टाकता येते. वरच्या मजल्यावरचे प्रदर्शन खाली आणता येते. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यात धार्मिक संस्थांना सरसकट सूट आहे, ती मला पटत नाही. पण त्यातील एक तत्त्व घेण्यासारखे आहे. तीन मजल्यांपेक्षा कमी उंचीच्या किंवा मजल्यामागे तीन हजार चौरस फुटांपेक्षा कमी क्षेत्राच्या खासगी इमारतीला तेथे लिफ्टची सक्ती सहसा नसते, मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यांना आणि बाजार-संकुलांना ही सूट मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांच्याही तळमजल्याचे दार, स्वच्छतागृह आणि वाट यांचे नियम कायम राहतात. म्हणजे सूट लिफ्टपुरती, दारापुरती नव्हे.

आपल्याकडे नेमके उलटे होते. जिना रुंद करता येत नाही म्हणून दारातला उंबराही तसाच राहतो, आणि मग 'जुनी इमारत' हे दोन शब्द सगळ्याला पुरतात. (लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायट्यांत अडकून पडलेल्या वृद्धांचा प्रश्न याहून मोठा आहे, पण निवासी घरे 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत येत नाहीत, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.)

म्हणून माझी मागणी अशी की, सवलत ज्याला हवी त्याने ती लेखी मागावी. नेमका कोणता भाग करता येत नाही आणि का, हे अभियंत्याच्या सहीने दाखवावे. त्या भागाच्या बदल्यात काय सोय केली ते नमूद करावे. आणि मंजुरीचा कागद मुदतीसह दारावर लावावा. असा कागद नसेल तेथे कायद्यातील दंडाची कारवाई व्हावी. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहेच. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, तेव्हा महापालिकेबरोबर बसून पेठांपासून ही तपासणी सुरू करायला अडचण नसावी. तपासणीला जाताना मोजपट्टी मात्र सोबत न्यावी, कारण कागदावर त्या शाखेतही रॅम्प 'आहे' अशीच नोंद होईल.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे