नाच बसवणाऱ्याचे नाव छापा!

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला 'नटक्रॅकर' या बॅलेवरचा लेख वाचला. मांडणी सुरेख, अभिनंदन. छायाचित्र मात्र 'स्वान लेक' या दुसऱ्याच बॅलेचे आहे. डोक्याला पिसे लावलेल्या त्या हंसिणी आहेत हो, 'नटक्रॅकर'मधले हिमकण नव्हेत. असो.

लेखक म्हणतात, सेंट पीटर्सबर्गने हा बॅले पहिल्याच प्रयोगाला डोक्यावर घेतला. कोणी सांगितले? डिसेंबर १८९२ मध्ये मारिइन्स्की नाट्यगृहात तो 'आयोलांटा' ऑपेराच्या जोडीला झाला, तेव्हा समीक्षकांनी नाकेच मुरडली. म्हणे रंगमंचावर पोरेच फार, गोष्टीत दम नाही आणि मुख्य नर्तिका दुसऱ्या अंकापर्यंत दिसतच नाही! नाताळ आला की नटक्रॅकर, ही रीत अमेरिकेने पाडली. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि १९५४ मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन यांनी न्यूयॉर्कमध्ये तो बसवल्यानंतर.

पण तेही सोडा. पानभर लेखात लेव्ह इवानोव्ह हे नाव एकदाही नाही! १८१६ ची कथा लिहिणारे हॉफमन आहेत, तिचे फ्रेंच रूपांतर करणारे द्युमा आहेत, संगीतकार चायकोव्हस्की तर आहेतच. नृत्ये मात्र 'पेतिपांची' असे ठोकून दिले आहे. तिथले मुख्य बॅलेगुरू पेतिपा यांनी आराखडा केला, कुठे किती लांबीचे, कोणत्या लयीचे संगीत हवे ते चायकोव्हस्कींना लिहून दिले, हे मान्य. पुढे ते आजारी पडले आणि नाच बसवले ते त्यांच्या हाताखालच्या इवानोव्ह यांनी.

हे मला का झोंबते ते सांगतो. आमच्या सौ. एका शाळेत वर्षानुवर्षे गॅदरिंगचे नाच बसवत. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा कोळीनृत्य घ्या." त्यांचा वाटा संपला. मधल्या सुट्टीत पोरींना रांगेत उभे करणे, टोपल्यांना जरीची किनार चिकटवणे, एकीला गोवर आल्यावर आयत्या वेळी दुसरीला तयार करणे, सगळे हिने निस्तरले. सर तालमीला एकदाच डोकावले, तेही टेपचा आवाज कमी करा म्हणायला. आणि वार्षिक अंकात काय छापले? 'नृत्यदिग्दर्शन : मा. मुख्याध्यापक'! हिने नंतर विचारले तर उत्तर मिळाले, "अहो बाई, कल्पना सरांचीच ना?" आपल्या लेखकमहाशयांचाही हिशेब तोच दिसतो.

तेव्हा दुरुस्ती छापावी, आणि ती लग्नाच्या जाहिरातींखाली भिंगाने शोधावी लागेल अशी नको.

ता. क. : मागच्या शब्दकोड्याची उत्तरे अजून आलेली नाहीत. आडव्या ओळीतला शेवटचा शब्द जुळतच नाही. चौकोनच एक कमी छापला आहे, अशी माझी खात्री आहे.

आपला एक जुना वर्गणीदार,
पुणे