बोट सुटण्याआधी मांजर आत हवे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या कालव्यांवरील नॅरोबोट सहलींचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण सोबतच्या छायाचित्रात चालत्या बोटीच्या टपावर मांजर ऐटीत बसले आहे. ते पाहून तिकडचा एखादा मराठी वाचक आपलेही मांजर टपावर बसवायचा, म्हणून हे पत्र.

नॅरोबोट म्हणजे जेमतेम ६ फूट १० इंच रुंदीची, पण ७० फुटांपर्यंत लांब असू शकणारी पोलादी होडी. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. पाणीही बहुतेक ठिकाणी मीटर-दीड मीटरच. मग भीती कसली? भीती पडण्याची नाही, बाहेर न येता येण्याची आहे. मांजराला पोहता येते, परंतु बोटीची बाजू गुळगुळीत रंगवलेल्या पोलादाची आणि काठ अनेक ठिकाणी ठोकलेल्या उभ्या लोखंडी पत्र्यांचा असतो. नखे रुतवायला कुठेच जागा नसते.

म्हणून बोट बांधल्यावर पुढे आणि मागे काथ्याचा जाड पट्टा किंवा दोराची जाळी सोडावी. खालचे टोक पाण्यात फूटभर बुडालेले हवे, नाहीतर मांजराचा पंजा तिथवर पोहोचत नाही. निघताना हे पट्टे आठवणीने वर घ्यावेत. राहिले तर मागचा पट्टा बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला जातो आणि मग इंजिन बंद करून, चावी काढून, पंख्यावरच्या झाकणातून गार पाण्यात हात घालून तो कापत बसावे लागते. हे झाकण परत घट्ट बसले नाही तर इंजिन सुरू होताच पाणी आत येते. बोटी अशाने बुडाल्या आहेत.

चालत्या बोटीवरून मांजर पडलेच तर पहिले काम गिअर न्यूट्रलला आणणे. घाबरून रिव्हर्स मारला की पंख्याकडे पाणी ओढले जाते. लांब दांड्याची मासेमाऱ्यांची जाळी टपावर हाताशी ठेवावी; हातांपेक्षा तीच उपयोगी पडते. वर काढल्यावर कोमट पाण्याने अंग धुवून मगच पुसावे, कारण कालव्यात डिझेलचा तवंग असतो, उन्हाळ्यात निळे-हिरवे विषारी शेवाळ असते, आणि मांजर अंग चाटतेच. गळ्यात पट्टा घालून टपावर बांधून ठेवण्याची युक्ती तर सर्वांत वाईट. तोल गेला की ते बाजूला लटकते.

लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, मांजर दारे-खिडक्या लावून आतच हवे. अरुंद लॉक सुमारे ७ फुटांचे, बोट ६ फूट १० इंचांची. भिंत आणि बोट यांच्यात उरतात जेमतेम इंचभर फटी. वर चढताना पॅडल, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडले की पाण्याच्या लोंढ्याने बोट पुढे-मागे आपटते. खाली उतरताना बिचकलेले मांजर काठावर उडी मारते, आणि बोट तोवर पुरुषभर खाली गेलेली असते. शिवाय उतरताना बोटीचा मागचा भाग लॉकच्या वरच्या दाराखालील उंबऱ्यावर अडकू नये म्हणून सगळे लक्ष तिकडे लागते. अशा वेळी मांजराकडे पाहायला माणूस उरत नाही. बोगद्यातही हाच नियम. ग्रँड युनियन कालव्यावरचा ब्लिसवर्थ बोगदा सुमारे २,८०० मीटरचा आहे. अर्धा-पाऊण तास अंधार, वरून ठिबकणारे पाणी आणि समोरून येणारी बोट.

निघण्याआधी मांजर मोजावे, अगदी एकच असले तरी. इंजिनाची जागा उबदार असल्याने ते तिथेच मुटकुळे करून झोपते आणि चावी फिरवताच इंजिनाचा पट्टा फिरू लागतो. तिथे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळले असेल तर तेही पुसावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चमचाभरही मांजराचा जीव घेऊ शकते. सकाळी निघायचे तर आदल्या रात्री मांजराचे दार बंद करावे आणि सकाळचे खाणे अगदी निघायच्या वेळीच द्यावे, त्याआधी नाही. भुकेले मांजर वेळेवर परतते, पोट भरलेले काठावरच्या शेतात उंदरांमागे लागते.

मांजर बाहेर जाऊ नये म्हणून काही जण दाराच्या खालच्या झरोक्यांना कापड लावतात. ते मुळीच करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर खाली साचतो आणि या झरोक्यांतूनच बाहेर जातो. शिवाय शेगडीचा विषारी कार्बन मोनॉक्साइड आहेच. बारीक जाळीही केसांनी बुजते, म्हणून भोके मोठी असलेली जाळी लावून दर आठवड्याला झाडावी. मांजराच्या शीसाठी लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या हलक्या आणि सोयीच्या. त्या पिशवीत बांधून कचराकुंडीत टाकाव्यात, बोटीच्या संडासाच्या टाकीत कधीही नाही.

बोट बांधायला कायमची जागा नसलेल्यांना एका जागी साधारणपणे १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. म्हणजे हरवलेले मांजर शोधायला वेळ मोजकाच. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांहून मोठ्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे, पण चिपवर जुना फोन क्रमांक असला तर तिचा काय उपयोग?

हे सारे बोटीवरच राहणाऱ्यांना जमते, कारण मांजराला बोट हेच घर वाटू लागते. आठवडाभरासाठी भाड्याने बोट घेणाऱ्यांनी मात्र मांजर घरीच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बोटीला सरावते न सरावते तोच बोट परत करायची वेळ येते. भारतातून मांजर न्यायचा विचार असेल तर चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणे, हा हिशेब तिकीट काढण्याआधी करावा.

– एक वाचक, मिल्टन कीन्स