विंटेज म्हणजे फक्त मोटारीच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि. रविवारच्या पुरवणीतला विंटेज गाड्यांचा लेख वाचला, फोटो मस्तच, पण सगळ्या ब्यूक आणि पॅकार्ड, आयुष्यभर माल ओढलेल्या गाड्यांबद्दल एक ओळही नाही, म्हणून लिहितोय.

विलीज या अमेरिकन कंपनीचा जीप फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे एफसी-150, पिकअप घ्या. 1956 च्या शेवटी अमेरिकेत टोलेडोच्या कारखान्यातून आला. डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स. जीपचाच 81 इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ठेवला, पुढचं लांब बॉनेट काढून टाकलं, ड्रायव्हरला थेट पुढच्या चाकांवर बसवलं आणि इंजिन केबिनमध्ये दोन सीटच्या मधे घेतलं, त्यामुळे एवढ्याशा गाडीला मागे 74 इंच म्हणजे सहा फुटांच्या वर हौदा मिळाला, फोर व्हील ड्राइव्ह तर होताच. अडचण अशी झाली की सगळा भार पुढे, मागे रिकामी, त्यात डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर जेमतेम 48 इंच, म्हणजे उंच आणि अरुंद. मग कंपनीने मागे चक्क लोखंडी वजन बसवलं आणि 1958 साली ते अंतर 57 इंच केलं. मला या गाडीतली ही धडपडच सगळ्यात आवडते. एफसी-170 हा सहा सिलिंडरचा मोठा भाऊ, त्याचा हौदा नऊ फुटी. तरी खप बेताचाच, सगळे मिळून 30 हजारांच्या आसपास बनले आणि 1965 पर्यंत तिकडे बंद.

पण आपल्याकडे महिंद्राने लायसन्सवर एफसी-150, एफसी-160 काढल्या, पुढे डिझेलही आणली, मिनीबसच्या बॉड्या चढवल्या, म्हणजे अमेरिकेत बंद झाल्यावरही ही गाडी इथे राबतच होती! आणि आज तिला विंटेज म्हणायचीही सोय नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, मालवाहू गाड्या व्याख्येतच नाहीत. मोटारीला विंटेजचा खास 'व्हीए' नंबर मिळतो आणि पिकअप भंगारात जातो, हा सरळ सरळ अन्याय आहे हो. हलक्या मालवाहू गाड्याही त्या व्याख्येत घ्याव्यात, रॅलीवाल्यांनी त्यांचा वेगळा गट करावा आणि तुम्ही पुरवणीत यांच्यावर एक पानभर तरी छापावं. कोणाच्या परड्यात एखादी एफसी उभी असेल तर कृपया किलोवर विकू नका, आधी जुन्या जीपवाल्यांना विचारा, इंजिन चालत नसलं तरी घेणारे आहेत.

आपला,
एक वाचक, सातारा