ताकद शेवटी वाढवा, आधी जुनी गाडी सावरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर नव्या गाड्यांची परीक्षणे नियमित येतात. पण ज्याच्या दारात आठ-दहा वर्षांची वेगवान गाडी उभी आहे त्याचा प्रश्न वेगळा असतो: हिच्यावर पैसे घालावेत, की ही विकून नवी काढावी? हा प्रश्न पुणे जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३ ते २०२२) आणि रांजणगावला तयार झालेली फियाट अबार्थ पुंटो (२०१५ पासून) या दोन्ही गाड्या आता बंद आहेत. दोघींचे चाहते मात्र आहेत, आणि त्यांतले बरेच जण आज नेमक्या याच वळणावर आहेत. म्हणून या दोन गाड्या समोर ठेवूनच लिहितो.

पोलो जीटीचे जुने १.२ लिटरचे इंजिन १०५ पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. गाडीचे वजन साधारण ११०० किलो. चांगल्या रीमॅपनंतर, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलल्यावर, ताकद १३० पीएसच्या आसपास जाते, म्हणजे टनामागे सुमारे ११८ पीएस. चाकणलाच तयार होणारी नवी व्हर्टस १.५ टीएसआय १५० पीएसची, पण वजन साडेबाराशे किलोच्या घरात, म्हणजे टनामागे १२० पीएस. पिकअपच्या हिशेबात दोघींत फार अंतर उरत नाही. आता पैसे पाहा. शोरूम किंमत १७ लाख असलेल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे दोन लाखांहून अधिक. जुनी पोलो नीट सावरायला साधारण एक ते दीड लाख पुरतात. नव्या गाडीच्या नुसत्या करात जुनीचे सगळे काम होऊन वर रीमॅपही बसतो. हा हिशेब खरा आहे, पण जुन्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन निरोगी असेल तरच.

त्यामुळे पहिला खर्च तपासणीचा करावा. इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजणे) घ्यावी. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकसारखे आहेत का, हे महत्त्वाचे. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर लीकडाऊन टेस्ट करून हवा कुठून निसटते ते शोधावे. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर पिस्टन रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. असे इंजिन रीमॅप करणे म्हणजे उरलेले आयुष्य निम्मे करून घेणे. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांत खालचा पत्रा टोचून पाहावा: सबफ्रेमचे जोड, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीची खोबण. चासीच्या पट्टीवर किंवा सबफ्रेमवर पापुद्रे सुटणारा गंज दिसला, किंवा मोठ्या अपघातानंतर पुढची चासी ओढून सरळ केलेली असली, तर विषय तिथेच संपतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचेही तेच. अशा गाडीत सुधारणेचा एक रुपयाही घालू नये.

गाडी या तपासणीत पास झाली की ताकदीचा विचार बाजूला ठेवून टायरपासून सुरुवात करावी. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा, कारण रबर कडक होते आणि पावसाळ्यात ताम्हिणी-वरंधच्या वळणांवर पकड सुटते. पोलो जीटीला सुरुवातीला १८५/६० आर १५ होते, पुढे त्याच मॉडेलला १९५/५५ आर १६ आले. दुसऱ्या मापात चाकाचा व्यास सुमारे ३ टक्के वाढतो. म्हणजे वेगमापक १०० दाखवत असेल तेव्हा गाडी आधीच्यापेक्षा तेवढी जास्त धावत असते. कंपनीने स्वतः त्या मॉडेलला दिलेल्या मापापलीकडे जाऊ नये. कमानीबाहेर डोकावणारी १७-१८ इंची चाके आपल्या खड्ड्यांत रिम वाकवतात, बेअरिंग खातात आणि गाडी प्रत्यक्षात जड करतात.

मग ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, ओल शोषलेले १५५ अंशांनाच उकळू शकते. घाट उतरताना पेडल एकदम मऊ होऊन तळाला जाते ते याच कारणाने. दर दोन वर्षांनी ते बदलावे, दहा वर्षांचे रबरी ब्रेक होज फेकून द्यावेत, डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजावी आणि चांगल्या प्रतीचे पॅड टाकावेत. पोलोच्या मागच्या ड्रमऐवजी डिस्क बसवण्याचा मोह अनेकांना होतो. पुढचे ब्रेक बहुतांश काम करत असल्याने त्या खर्चाचा उपयोग जवळजवळ दिसण्यापुरताच.

त्यानंतर सस्पेन्शन. शॉक अब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे), स्ट्रट माउंटिंग, लिंक रॉड आणि इंजिनाचे खालचे टॉर्क माउंटिंग ही सगळी कामे एकदम करावीत, कारण मजुरी एकदाच लागते. मोठ्या किमतीचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवून जुने फाटलेले बुश तसेच ठेवणारी गॅरेजे पुष्कळ आहेत. अशी गाडी रोज हादरते आणि वळणावर तरीही दिशा सोडते. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १५५ मिलिमीटर. ती आणखी खाली बसवली तर गतिरोधकावर ऑइल पॅन फुटतो. माझे मत स्पष्ट आहे: नव्या मूळ शॉकअब्सॉर्बरवर आणि नव्या बुशवर ही गाडी आधी महिनाभर चालवावी. निम्म्या लोकांची ‘गाडी जुनी झाली’ ही तक्रार तिथेच मिटते.

आता इंजिन. या दोन गाड्यांत इथे मोठा फरक आहे. पोलोचे १.२ टीएसआय डायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन चढतो. सकाळी थंड इंजिन अडखळत असेल तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुश्याने ब्लास्टिंग करावे. पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्या त्या जागी पोहोचतच नाहीत. अबार्थच्या १.४ टी-जेटमध्ये (१४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर) पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते, म्हणून तिथे हा त्रास नाही. मात्र त्याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) आहे. किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, पाच वर्षांनी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलावेत. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च लाखाकडे जातो.

गिअरबॉक्सची मर्यादा रीमॅपआधीच पाहायला हवी. १.२ लिटरच्या पोलो जीटीचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटरची. रीमॅपने टॉर्क २२० पर्यंत नेला तर कागदावर जागा उरते, पण हिंजवडीच्या रहदारीत तासभर इंच इंच सरकताना क्लच तापतात ते वेगळेच. आधीच झटके देणाऱ्या डीएसजीवर रीमॅप टाकू नये. क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारे नियंत्रण युनिट) दोन्ही गेले तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. अबार्थ मॅन्युअल असल्याने तपासणी सोपी: चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लचप्लेट संपली आहे, ती आधी बदलावी.

रीमॅप करायचाच तर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) त्याच दिवशी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख घ्यावेत. नुसता ‘१४० पीएस झाली’ हा शब्द घेऊ नये. लॉगमध्ये चार गोष्टी मागाव्यात: प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (इंजिन खडखडू लागल्यावर, म्हणजे नॉक झाल्यावर, ठिणगीची वेळ किती मागे नेली जाते), इनटेक हवेचे तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण), आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब). एखाद्याच सिलिंडरचा टायमिंग सारखा मागे सरकत असेल तर तिथला प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर दोषी आहे. रीमॅपबरोबर प्लग नवे टाकून गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणावा, नाहीतर वाढलेल्या बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी ५००० आरपीएमला अडकते. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमवर भरपूर टॉर्क मागितला की मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. म्हणून १८०० आरपीएमलाच सगळा टॉर्क देणारा रीमॅप नाकारावा, तो २२००-२५०० पर्यंत हळूहळू चढवून मागावा. मूळ शिफारशीचेच ऑइल वापरावे, पण १५,००० किलोमीटरऐवजी ७,५०० ला बदलावे.

आणि रीमॅप रोजच्या पेट्रोलवरच करावा. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्या पंपांवर मिळते, त्यावर बेतलेली गाडी साताऱ्याच्या पुढे साध्या पेट्रोलवर नॉक होणार. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते. जुन्या गाड्यांचे होज आणि ओ-रिंग त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून टाकीपासून फ्यूएल रेलपर्यंतचे सगळे रबर पाहून घ्यावे. गाडी अर्ध्या टाकीवर दोन-दोन महिने उभी ठेवू नये, इथेनॉल पाणी ओढते. त्यात ऊर्जाही कमी असल्याने मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटते. तो दोष इंजिनाच्या माथी मारून विनाकारण इंजेक्टर बदलू नयेत.

कायद्याबद्दल गॅरेजमध्ये फार ढिले बोलले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परवानगीशिवाय मोठे इंजिन बसवणे किंवा बॉडी कापणे हे विषय म्हणूनच सोडून द्यावेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) काढलेली बीएस ४ पेट्रोल गाडी पीयूसीच्या ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत प्रामाणिकपणे बसूच शकत नाही, आणि मोकळ्या सायलेन्सरचा त्रास सगळ्या गल्लीला होतो. रीमॅपने सीसी बदलत नाही म्हणून कोणाला सांगायची गरज नाही, हा समजही घातक आहे. विमा कंपनीला लेखी कळवले नाही तर अपघातानंतर दावा अडू शकतो. बदललेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ ची पोलो २०२८ मध्ये पुन्हा पासिंगला उभी राहील तेव्हा ती मूळ रूपात असणेच बरे. नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये, गाडी २० वर्षांवरची असेल तर १०,०००, पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत पाचच वर्षांची.

नवी कोणी घ्यावी? घरात एकच गाडी आहे, रोज साठ-सत्तर किलोमीटर जायचे आहे आणि मागे लहान मुले बसतात, त्यांनी. व्हर्टस आणि स्कोडाच्या स्लाव्हियाला ग्लोबल एनसीएपी या संस्थेच्या २०२३ च्या अपघात-सुरक्षा चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच तारे मिळाले. पोलो जीटीत दोनच एअरबॅग आहेत, आणि कोणताही रीमॅप त्यात तिसरी घालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना ४०. त्यामुळे १२० पीएसची ह्युंदाई आय२० एन लाइन व्हर्टसपेक्षा कितीतरी स्वस्तात पडते, आणि तिला चारही डिस्क ब्रेक आहेत. अबार्थवाल्यांनी आणखी एक पाहावे: इंजिनाचे भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट या गाडीमुळे अजून मिळतात, पण हेडलाइट, बंपर, काचा शोधायला महिना जातो. घरात दुसरी गाडी नसेल तर ही अडचण रीमॅपच्या आनंदापेक्षा मोठी ठरते.

परिवहन विभागाला यानिमित्ताने एक विनंती. कोणते बदल परवानगीशिवाय चालतात, कोणत्यांची आरसीवर नोंद लागते आणि कोणते पूर्ण बंद आहेत, याची साध्या मराठीतली यादी प्रत्येक आरटीओच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी: टायरची मापे, सस्पेन्शन, दिवे, सायलेन्सर, रीमॅप, रंग, सीएनजी किट सगळ्यांसह. आज एका कार्यालयात जे चालते ते दुसऱ्यात अडते, आणि ग्राहक शेवटी गॅरेजवाल्याच्या शब्दावर विसंबतो. आपल्या वृत्तपत्राने ही यादी मिळवून छापली तर हजारो वाहनधारकांचे पैसे वाचतील.

आपला,
एक मोटार अभियंता वाचक, चिंचवड