मोजायला सांगता, तर आकृती तरी नीट छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या विद्यार्थी पानावर ‘बाजू मोजा आणि त्रिकोणाचा प्रकार ओळखा’ असा सराव होता. माझ्या सातवीतल्या मुलीने पट्टी घेऊन पहिली आकृती मोजली. पाया ६ सेंटिमीटर, उरलेल्या दोन्ही बाजू ५.३. तिने समद्विभुज लिहिले. खाली उलटे छापलेले उत्तर मात्र समभुज! पोरीने काही न बोलता आपले उत्तर खोडले. मला राग आला तो याचा. मी स्वतः मोजले, तेच आले. कोनमापक लावला, तर ६० अंशांऐवजी खालचे दोन्ही कोन ५५ च्या आसपास आणि वरचा ७० च्या घरात.

काय झाले ते उघड आहे. रकान्याची रुंदी भरायला कोणीतरी आकृत्या आडव्या ताणल्या. शेजारच्या लंबदुभाजकाच्या रचनेतले कंसही लांबट झालेत, कर्कटकाचे टोक कुठेही ठेवा, जुळत नाहीत. काटकोन त्रिकोणाचा काटकोन तेवढा वाचला, कारण त्याच्या दोन बाजू सरळ आडव्या-उभ्या होत्या. पण तो समद्विभुज असल्याचे उत्तरात म्हटले आहे, तसा तो आता राहिलेला नाही. कच्ची आकृती काढून बाजूंवर मापे लिहिली असती, तर माझी काहीच तक्रार नव्हती. तुम्ही मोजायला सांगितलेत.

मी सुतारकाम करतो. चौकट जोडताना काटकोन नजरेने ठरवून चालत नाही. गुण्या लावतो. काम मोठे असेल तर कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करून तिरके माप बरोबर ५ फूट भरते का, ते बघतो. नाही भरले तर चौकट सुटी करून पुन्हा जोडायची, दुसरा इलाज नाही. नजरेपेक्षा पट्टीवर विश्वास ठेव, हेच मी मुलीला सांगत आलो.

शाळेत तिला उलटेच सांगतात. ६० अंशांचा कोन कोनमापकाने आखून घ्या, कंस मागाहून काढा, मार्क मिळतात! अहो, कर्कटकाने ६० अंश काढताना अंश मोजायचेच नसतात. रेषेच्या दोन्ही टोकांवरून रेषेएवढ्याच अंतराचे दोन कंस मारायचे आणि ते छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडायचा. तिन्ही बाजू सारख्या झाल्या, म्हणूनच कोन ६० चा. हे एकदा हाताने केले की समभुज त्रिकोण वेगळा पाठ करावा लागत नाही. देखाव्यापुरते कंस काढणाऱ्या मुलाला यातले काय कळणार?

त्यात हल्लीच्या कंपासपेट्या. कर्कटकाचा स्क्रू इतका ढिला की कंस मारता मारता अंतर बदलते, वर्तुळ सुरू झाले तिथे येऊन मिळतच नाही. मुलांना वाटते आपलाच हात वाईट. दुकानदाराला दाखवले तर म्हणतो, सगळे असेच येतात.

तो धंदा तुमच्या हातात नाही, पान आहे. पुढच्या अंकात याच आकृत्या न ताणता पुन्हा छापा आणि ज्यांनी मोजून समद्विभुज लिहिले त्यांचे उत्तर बरोबर होते, हे त्याच पानावर ठळक छापा.

– एक पालक, चिपळूण