लाल नोटेतला समुद्र

नागपूर, रविवार दुपार

ती. सौ. आईस आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याच घरात, तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. दर रविवारी येते तशी आजही खिडक्या उघडायला आणि झाडांना पाणी घालायला आले. आई, गवती चहा छान फोफावलाय. कढीपत्त्याला कीड लागली होती, ती फांदी छाटून टाकली. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय सप्टेंबरवरच अडलं होतं. तुम्ही दादाकडे गेलात तेव्हापासून कोणी पान उलटलंच नव्हतं. ते आज डिसेंबरवर आणलं, शेजारी नव्या वर्षाचं टांगलं आणि त्यात फेब्रुवारीत पेन्सिलीनं एक गोल केला. तो कशाचा, हे सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा ‘बघू’ म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

अंदमानचे फोटो तुम्ही पाहिलेतच. फोटोत न आलेली गोष्ट ही, की तिथे प्रत्येक ठिकाणी मी आधी तुमच्यासाठी बघत होते. इथे पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला बाक कुठे, बोटीत चढताना हात धरायला माणूस असतो का. छोटू शेवटी म्हणाला, "मम्मी, तू समुद्र बघ ना!" मी समुद्रच बघत होते, पण तुमच्यासकट.

आपण नागपूरची माणसं. झिरो माईलपासून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच. आईनं तो पाहिला एकदाच, मावशीच्या लग्नाला मुंबईला गेलो होतो तेव्हा दादरच्या चौपाटीवर, गाडीची वेळ झाली म्हणून जेमतेम दहा मिनिटं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात माझं मनगट, आणि लाट आली की तू दोन पावलं मागे. तुझी निऱ्यांची किनार ओली झाली होती, ती मला अजून दिसते. "पुढच्या वर्षी कोकणात जाऊ," बाबा म्हणाले होते. मग माझी फी, मग दादाची, मग आजीचं अंथरूण, मग घराचं स्लॅब, मग गुडघा. त्या पुढच्या वर्षाच्या पैशांतून आम्ही दोघं शिकलो, हे मला ठाऊक आहे, बाबा. म्हणूनच आता ऐकून घ्या.

जायच्या आधी घरपट्टीची पावती शोधताना तुमच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात जुनी लाल वीसची नोट सापडली. तुम्हाला न विचारता घेऊन गेले, त्याबद्दल माफ करा. तिच्या मागे नारळाची झाडं, खाडी आणि पलीकडे दीपगृह आहे ना, तो देखावा अंदमानचाच आहे. माउंट हॅरिएटच्या वाटेवरून तो दिसतो. 2021 पासून त्या डोंगराचं नाव माउंट मणिपूर झालंय. चॅथमच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत बसायचं, बांबू फ्लॅटला उतरायचं आणि घाट चढायचा. ड्रायव्हरनं एका वळणावर गाडी उभी केली. मी नोट डोळ्यांसमोर धरली आणि हळूहळू खाली घेतली. तेच टोक, तेच दीपगृह. फरक एवढाच की नोटेत सगळं तांबडं आहे आणि समोर पाणी काठाशी पोपटी, मग मोरपंखी, मग एकदम शाईसारखं निळं.

इतवारीच्या शाखेत इतकी वर्षं खिडकीमागे बसून, स्पंजवर बोट ओलं करून तुम्ही हा देखावा किती वेळा मोजला असेल! माझ्या पहिल्या सायकलचे पैसेही तुम्ही विसाच्या नोटांतच दिले होते. आताच्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, ते आपण पाहून आलो. हे राहिलं. त्या वळणावर मला रडू आलं. ह्यांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

आता तुम्हाला खरंच काय काय जमेल ते सांगते, कारण आमच्या सहल कंपनीनं आमची चांगलीच फरफट केली. एका दिवसात तीन ठिकाणं, उतरा-चढा-पळा. दुसऱ्या दिवशी बोट लागली, छोटू आणि मी दोघं आडवे. तुम्ही त्या घाईत अजिबात पडायचं नाही. एका दिवशी एकच जागा, दुपारी झोप.

पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअरला. 2024 पासून कागदोपत्री ते श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. बाबा, सेल्युलर जेल तुमच्यासाठी. 1896 ते 1906 ह्या दहा वर्षांत बांधलेला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, आता तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसूच नये. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात. आपलं देवघर आणि कोठीची खोली मिळून होईल एवढी. मी एका कोठडीच्या दाराची कडी लावून पाहिली. ती दारावर नसून बाजूला भिंतीतल्या कोनाड्यात बसते, आतून गजांमधून हात कितीही ताणला तरी पोचत नाही. छोटूनं खांद्यापर्यंत हात घालून पाहिला आणि मग तो बराच वेळ गप्प होता. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं, थोरले बाबाराव त्यांच्या आधीपासून इथेच. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे. कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून तुम्ही चढाल असं मला वाटतं. नाही जमलं तरी खालच्या कोठड्या मापानं तशाच आहेत, आणि कोलूचा घाणाही खालीच आहे, बैलाच्या जागी माणूस जुंपायचे तो. संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम खुर्चीत बसून बघायचा असतो. आई, डासांचं मलम लावून बस.

रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, समोरच आहे, बोटीनं थोडा वेळ लागतो. इंग्रजांचा सगळा कारभार तिथून चालायचा. 1941 च्या भूकंपानंतर ते ओस पडत गेलं. चर्च, बेकरी, साहेबांचे बंगले, सगळ्यांना वडापिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांनी आवळून धरलंय. भिंत कुठे संपते आणि खोड कुठे सुरू होतं ते कळत नाही. चितळं इतकी माणसाळलेली की आईच्या पिशवीत तोंड घालतील. तिथे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, चढाला त्या घ्या.

तिथून मोठ्या बोटीनं स्वराज द्वीप, जुनं हॅवलॉक. दोन-अडीच तास. सकाळची बोट, पोटात फक्त कोरडं काही, आणि गोळी निघायच्या आधी घ्यायची. कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवते. तिथला राधानगरचा किनारा हे ह्या सगळ्या प्रवासाचं कारण. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना ह्या बेटावर वसवलं, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. आई, तुला तिथे घरच्यासारखं वाटेल. किनाऱ्याला लागूनच उंच झाडांची दाट सावली आहे. तिथे त्यांना सी-महुआ म्हणतात, आपल्या मोहाच्याच कुळातलं झाड. गाडीतून उतरलं की वाळू लागेपर्यंत सपाट चालणं. आणि वाळू चालायला घट्ट, पाय रुतत नाही. गुडघ्यासाठी हे मी मुद्दाम पाहून ठेवलं.

ओहोटी होती. ओल्या वाळूवर बुंदीच्या कळ्यांएवढ्या गोळ्या पसरलेल्या, हजारोंनी, कोणी रांगोळीचे ठिपके काढावेत तशा. मी ओणवी होऊन बघत बसले. मध्ये एक बारीक भोक, त्यातून करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतलं, उरलेल्या वाळूची गोळी केली आणि मागे सारली. परत पुढची. मी श्वास सोडला तेवढ्यानं तो आत. पुन्हा बाहेर यायला बराच वेळ घेतला त्यानं. संध्याकाळी भरती आली आणि सगळी रांगोळी पुसून गेली. आई, तू तास न् तास हे बघशील. तांदूळ निवडताना बसतेस तशी बसशील.

तिथे सूर्य लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की दिवस नागपूरपेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि आधीच संपतो. थंडीच्या दिवसांत पाच वाजले की संपलं. म्हणजे बाबा पहाटे साडेचारला उठून अंबाझरीला निघतात ते तिथे अगदी योग्य. उठा, आणि काळापत्थरच्या किनाऱ्यावर सूर्योदयाला जाऊन बसा.

मग शहीद द्वीप, जुनं नील. लहान, शांत, भाजीपाल्याच्या शेतांचं बेट. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामायणातली. भरतपूरला काचेच्या तळाची बोट मिळते. अंगाला पाणी न लागता खाली प्रवाळ दिसतं. आई, तुझ्या अंगठीतलं पोवळं अशाच जातकुळीतल्या जिवांचं. दगड वाटतो, पण तो बारीक बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेला असतो, आणि इथल्या प्रवाळाला त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळामुळे रंग येतो. पाणी फार तापलं की ते शेवाळ सोडून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2010 मध्ये अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. काही जागी अजून नुसता करडा ढिगारा दिसतो, मग अचानक जांभळ्या फांद्यांचं एक झुडूप, आणि त्यातून निळे मासे फटकन वळतात. जांभळं दिसलं की बोटीतले सगळे एकदम ओरडले. मला तुम्हा दोघांना त्या बाकावर, काचेवर वाकलेलं बघायचंय.

लक्ष्मणपूरचा दगडी कमानीचा नैसर्गिक पूल मात्र बाबांनी सोडून द्यायचा. ओहोटीतच तिथे जाता येतं, आणि वाट शेवाळलेल्या धारदार खडकांवरून आहे. मी स्वतः दोनदा घसरले. बारातांगच्या गुहाही नकोत. मध्यरात्रीनंतर उठून गाड्यांच्या ताफ्यात जावं लागतं, पण माझं खरं कारण वेगळं आहे. तो रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. 2002 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं तो बंद करायला सांगितला होता. कोणाच्या अंगणातून खिडकीला नाक लावून आपण जाऊ नये, असं मला वाटतं. आम्ही गेलो नाही.

आणि शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा काहीच उचलायचं नाही. कायद्यानं बंदी आहे. छोटूनं खिशात घातलेला शंख चालायला लागला! आत खेकडा राहायला आलेला. त्यानं स्वतःच तो नेऊन पाण्याकाठी ठेवला.

जेवणाची काळजी करू नका. बंगाली मासे जिकडेतिकडे, पण वरण-भात-भाजी सगळीकडे मिळते. हिंदी सर्वांना येतं. आई, तू सीताबर्डीत घासाघीस करतेस तीच हिंदी तिथे चालेल. फक्त पोह्यांवर तर्री मिळणार नाही. आणि बाबा, आपल्याकडे थंडी पडली की तुमचा गुडघा धरतो. तिथे फेब्रुवारीत स्वेटर लागत नाही.

तर तो गोल. महाशिवरात्रीचा उपास घरीच होऊ दे, दुसऱ्या दिवशी निघायचं. इथून कोलकाता, रात्र तिथेच काढायची, सकाळी पुढचं विमान. म्हणजे हॅवलॉकला पोचाल तेव्हा अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असेल. चंद्र नसलेल्या रात्री तिथलं पाणी हलवलं की कधी कधी निळसर चमकतं. आमच्या वेळी चांदणं होतं, आम्हाला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं तर मला रात्रीच उठवा, कितीही वाजले असले तरी.

मी बरोबर येणार आहे, रजा सांगून ठेवली आहे. खर्चाचं तुम्ही विचारू नका. दादाचं आणि माझं बोलणं झालंय, त्यात वहिनीनंही तिचा वाटा धरलाय. बाळ तोवर पाच महिन्यांचं होईल, वहिनीची आई तिथे येणार आहे, म्हणजे आईला अडकून पडल्यासारखं वाटणार नाही.

नोट ह्याच पाकिटात ठेवली आहे. बाबा, ती परत डब्यात ठेवू नका, खिशात असू द्या. येताना त्या वळणावर लागेल. तिकिटं मी ह्या शनिवारी काढतेय. आईला खिडकीची जागा हवी की कडेची, तेवढंच कळवा.

तुमची,
लेक