कोलोनहून आप्पांना

कोलोन, रविवार रात्र

ती. आप्पांस सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रविवारी एकटा काय करतोस रे तिथं?" आई मागून बोलत होती, म्हणून "फिरतो" एवढंच म्हणालो. खरं सांगायचं तर गाड्या बघतो. चाळिशीला आलो तरी.

इथं ऱ्हाईन नदीवर होहेनझोलर्न नावाचा रेल्वेपूल आहे. १९११ चा. १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानंच तो उडवला, मग पुन्हा बांधला. सहा रूळ, दिवसाला १२०० च्या वर गाड्या, शिवाय कडेनं चालायला वाट. पहिल्या रविवारी वाटलं, झालं, आता दुसरी जागा शोधायला नको. तिसऱ्या रविवारी कंटाळलो. पुलाच्या टोकालाच मुख्य स्टेशन, त्यामुळं प्रत्येक गाडी रेंगाळत येते, आणि एक जाते न जाते तोच दुसरी. वाट बघायचं कामच नाही. आपल्या सोलापूरजवळच्या होटगीच्या रेल्वे गेटवर आपण तासभर बसायचो तेव्हा कुठं एक गाडी यायची. डब्यातली भाकरी-शेंगाचटणी संपायची, गेटमन दोनदा चहा पिऊन यायचा. तुम्ही म्हणायचात, "गाडीकडं बघू नको, सिग्नलकडं बघ." सिग्नल पडला की पोटात गोळा. आणि मग आपली पैज: डावीकडं वाडीला जाणार की उजवीकडं विजापूरला? विजापूरची तेव्हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती, त्यामुळं रूळ बघूनच तुम्हाला उत्तर ठाऊक असायचं. मला ते कळायला दोन वर्षं लागली. तेवढे चार-आठ आणे अजून देणं लागता तुम्ही.

इथल्या लोकांना मी सांगतो की आमच्या एका जिल्ह्यात तीन मापांचे रूळ होते: १६७६ मिलिमीटरची मोठी लाइन, विजापूरची १००० ची, आणि कुर्डुवाडीला १८९७ पासूनची बार्शी लाइट, ७६२ ची. त्यांना खरं वाटत नाही. इकडं सगळीकडं बहुतेक एकच, १४३५.

आता खरी जागा सापडली आहे, दोन-एक तासांवर. नदी तिथं डोंगरातून वळत जाते आणि दोन्ही काठांना रेल्वे आहे. डाव्या काठानं प्रवासी गाड्या, उजव्यानं जास्त करून मालगाड्या. लोरेलाय नावाचा मोठा कडा आहे, उजव्या काठाची लाइन त्याच्या पोटातून बोगद्यानं जाते. मी समोरच्या काठावर बसतो. आधी कड्यावरून घरघर परत येते, मग इंजिन दिसतं. डबे मोजायची सवय गेलेली नाही. तुम्ही मोजून दाखवलेली ती अठ्ठावन्न वाघिणींची कोळशाची गाडी आठवते? इकडं गाडी ७४० मीटरपर्यंत लांब असते, पण शेवटी गार्डाचा डबा नाही. नुसती संपते. हात करायला कुणी नाही, त्यामुळं प्रत्येक वेळी अर्धवट वाटतं.

फोटोंची मात्र पहिले काही महिने वाट लागली. ऊन समोरून घेत होतो, इंजिन काळंठिक्कर. एका म्हाताऱ्यानं, ओळख ना पाळख, खांद्याला धरून मला दुसऱ्या बाजूला नेलं. ऊन पाठीशी, वळणाची जागा, आणि विजेचा खांब इंजिनाच्या तोंडावर येणार नाही असं अंतर. एवढंच शास्त्र. रुळाच्या कडेला घुसायचं नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. तुमच्या छडीनं ते काम तीस वर्षांपूर्वीच केलंय.

तर आता तुम्हाला काम. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येतोय. मी निघालो तेव्हा आपल्या लाइनवर तारा नव्हत्या, आता सगळीकडं खांब. मुंबई-सोलापूर वंदे भारत तर मी बघितलेलीच नाही, ती २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आसरा पुलावरून जमणार नाही, तारा मध्ये येतात आणि मागून रिक्षावाले शिव्या देतात. होटगीच्या अलीकडं, रुळापासून चांगलं लांब, एखादा उंचवटा किंवा बांध बघून ठेवा. संध्याकाळी जायचं म्हणजे रुळाच्या पश्चिमेकडचा. गुडघ्याला त्रास होत असेल तर स्वतः जाऊ नका, धाकट्याला गाडीवरून पाठवा आणि त्याला फोटो काढून आणायला सांगा.

आणि शेत कशाचं आहे ते आधी विचारा. जानेवारीत ज्वारी डोक्याच्या वर असते, हुरडा मिळेल पण गाडी दिसणार नाही. हरभऱ्याचं मिळालं तर बघा.

तुमचा,
बाळू